थंडीचा बंदोबस्त आणि अप्पांचा सदरा

मन्मथप्पांच्या पोटाबद्दल करंजगव्हाणात पुष्कळ बोललं जाई, पण ते पोट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस गावात एकही नव्हता. बायको नीलाबाई सोडून, अर्थात. आणि त्या असल्या विषयावर बोलत नसत. भर मे महिन्यात, अंगाची लाही लाही होत असताना अप्पा आपल्या कापड दुकानाच्या गादीवर पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, वर जाकीट आणि गळ्याशी बटण लावून बसत. एखादं गिऱ्हाईक विचारी, "अप्पा, गरम होत न्हाई का?" अप्पा म्हणत, "कापड विकणारानं कापडाला नावं ठेवू नये." हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडे की कुणी विचारलं नाही तर तेच विषय काढत.

अशा माणसानं थंडीला भ्यायचं काही कारण नव्हतं. पण लेक शिवानी बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता, आणि तो मुलगा जरा घाईनं, महिनाभर आधीच आला होता. दवाखान्यातून घरी सोडताना बजावून सांगितलं होतं, की बाळ हलकं आहे, त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही, खोली गरम ठेवा. अप्पांनी तातडीनं हीटर आणला. बाळाला मात्र त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं. "मान धरू द्या, मग घेतो," असं म्हणत ते दारातूनच बघायचे. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायची. कापडाचे तागेच्या तागे एका झटक्यात उलगडणारा हा माणूस त्या एवढ्याशा जिवापुढं हात पाठीमागं बांधून उभा राहायचा.

आणि शनिवारी सकाळी गल्लीच्या टोकाचा विजेचा डीपी जळाला.

तसा तो जळणारच होता. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की हायवेवरच्या चहावाल्याकडं माणसं चहा प्यायला कमी आणि पेला धरायला जास्त जात. घरोघरी पाणी तापवायच्या कांड्या, हीटर, त्यात रानातल्या मोटारी. मोठा आवाज झाला, खांबावरून धूर निघाला आणि सगळी गल्ली, जणू काही बारसं आहे अशा उत्साहानं, खाली जमून वर बघायला लागली. लाईनमन बंकट आला. त्यानंही वर बघितलं.

"बंकट, कधी येईल लाईट?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, हा तर गेला. आता दुसरा बसवावा लागन. तुमी ऑफिसात तक्रार द्या, मग पुढचं बघू."

ऑफिसातल्या साहेबांनी अप्पांना बसायला खुर्ची दिली, ही चांगली सुरुवात होती. मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "तुमची गल्ली आमच्याकडं शेतीच्या लाईनीवर दिसती. शेतीला रात्रीची वीज या आठवड्यात न्हाई."

"अहो, पण आमच्याकडं काल रात्रीपर्यंत होती की!"

"ती चुकून होती."

अप्पांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. साहेबांनी समजावून सांगितलं. तक्रार घ्यायला हरकत नाही. फक्त त्याआधी, गल्लीनं आजवर रात्रीची वीज चुकून वापरली, असं एक साध्या कागदावर लिहून द्यावं लागेल. अप्पा उठले. सदऱ्याची गळ्याशी लावलेली गुंडी त्यांनी चाचपून बघितली. अपमान झाला की ते नेहमी हीच गुंडी चाचपत. बाहेर बंकट भेटला. तो कानाशी येऊन म्हणाला, "कागद-बिगद देऊ नका. म्या करतो काहीतरी. दोन-तीन दिस काढा."

दोन-तीन दिवस काढायला तशी हरकत नव्हती, पण दुपारीच लातूरहून फोन आला. शिवानीच्या सासूबाई, म्हणजे अप्पांच्या विहीणबाई, फोनवर फार हळू बोलत. त्यांचा आवाज जितका हळू, तितकं अप्पांचं काळीज जोरात धडधडे.

"लाईट गेलीय म्हणं तुमच्याकडं."

"येईलच आता. बंदोबस्त चालूय."

"आमच्याकडं इन्व्हर्टर हाय. सोमवारी आमी गाडी घेऊन येतो. खोली गरम असली तर पेढे खाऊन माघारी जाऊ. नसली तर सून अन् नातू लातूरला. तुमाला वाईट वाटू देऊ नका."

अप्पांना वाईट वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सव्वा महिना लेक माहेरी राहते, आणि आपल्या घरी ऊब नाही म्हणून व्याह्यांनी नातू उचलून न्यावा? गावात तोंड कसं दाखवायचं? त्यात संध्याकाळी गावच्या उपकेंद्रातल्या रोहिणी सिस्टर बाळाला बघायला आल्या आणि त्यांनी आणखीच घोर लावला. "एवढ्या थंडीत, एवढं बाळ, गाडीतनं लातूरला? अजिबात हलवायचं न्हाई. इथंच गरम ठेवा." त्यांनी बाळाचे तळपाय हाताला लावून बघितले. "पाय गार लागाय लागलेत, अप्पा. हे पाय गार पडू द्यायचे न्हाईत."

म्हणजे न्यायचंही नाही आणि ठेवायचं तर गरम ठेवायचं. अप्पांनी त्या क्षणी थंडीचा बंदोबस्त स्वतःच्या हातात घेतला, आणि नीलाबाईंनी कपाळाला हात लावला.

पहिलं काम त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल असं केलं. दुकानातून न खपलेलं कापड आणलं. मांजरपाट, अस्तर, आणि एका वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून घेऊन बसलेलं भडक जांभळं सॅटिन. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी, दाराच्या फटी, कौलाखालची मोकळी जागा, सगळं त्यांनी कापडानं ठेचून भरलं. आत अंधार झाला. "आता मुंगी आत येणार न्हाई," ते म्हणाले.

मग शेजारच्या कौशल्याबाई आल्या. कौशल्याबाईंनी गल्लीतली निम्मी बाळंतपणं पाहिली होती आणि उरलेल्या निम्म्यांना सल्ले दिले होते. "बाजंखाली निखाऱ्याची शेगडी ठिवा," त्या म्हणाल्या. "वर ओवा टाका, बाळंतशेपा टाका. दार गच्च लावा. आमी सगळ्या अशाच शेकून निघालो."

नीलाबाईंनाही ते पटलं. त्यांच्या आईनंही तेच केलं होतं. कौशल्याबाईंच्या काळची घरं कुडाची होती, वारा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जायचा, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. अप्पा मात्र सावध माणूस. ते म्हणाले, "आधी म्या बसून बघतो. मग लेकराला आणा." पहिला प्रयोग स्वतःवर करायचा, असं त्यांचं तत्त्व होतं, नव्या रंगाचं कापडही ते आधी स्वतःला शिवून घेत आणि पाण्यात घालून बघत.

रविवारी सकाळी शिवानी बाळाला घेऊन स्वयंपाकघरात चुलीपासून जरा लांब, उघड्या दाराशी बसली. अप्पा रसरसलेली शेगडी घेऊन बंद खोलीत गेले. सुरुवातीला फार छान वाटलं. ओव्याचा वास सुटला. जाकिटाच्या आत ऊब आली. मग डोकं जड झालं. अप्पांना वाटलं, हा विहीणबाईंच्या फोनचा परिणाम आहे. मग मळमळलं. तेव्हा त्यांना विजेच्या ऑफिसातल्या चहाचा संशय आला. त्यानंतर आपण थोडं आडवं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि नेमकं तेव्हाच, बाळाला बघायला आलेल्या रोहिणी सिस्टरांनी दार लाथेनं उघडलं.

"बाहेर या! अप्पा, आधी बाहेर या!"

अप्पांना ओट्यावर आणून बसवलं. तिथं त्यांनी सकाळचा नाश्ता गल्लीच्या साक्षीनं परत केला. सिस्टर शेगडी अंगणात ठेवून आल्या. त्या अप्पांपुढं उभ्या राहिल्या. "बंद खोलीत निखारे? त्याच्यातनं विषारी वायू निघतो. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. झोप आल्यासारखं वाटतं आन् माणूस उठत न्हाई. आत लेकरू असतं तर?"

 कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पांनी गुंडी चाचपली नाही.  लेकरू आत असतं तर, हे शब्द त्यांच्या डोक्यातून दिवसभर हलले नाहीत. स्वतःच्या हातांनी भरलेलं कापड त्यांनी स्वतःच्याच हातांनी उपसून काढलं आणि खिडकीची वरची झडप उघडी ठेवून तिथं एक खिळा ठोकला, म्हणजे ती चुकूनही कुणाला लावता येऊ नये.

पण बंदोबस्त अजून संपला नव्हता. मंडपवाला हरिओम दुपारी भेटला. त्याच्याकडं लग्नाच्या वरातीतला जनरेटर होता. "लग्नसराई थांबलीय, घेऊन जा अप्पा," तो म्हणाला. सिस्टरांनी निरोप धाडला की त्याचाही धूर तसलाच, तो घरापासून लांब ठेवा. म्हणून जनरेटर गल्लीच्या मोकळ्या बाजूला ठेवला आणि लांब वायर ओढून हीटर लावला. जनरेटर सुरू झाला तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, कुणाची तरी वरात निघाली. लोक बाहेर आले. बाहेर आले ते रिकाम्या हातानं आले नाहीत. कुणी मोबाईल आणला, कुणी मिक्सर. "अप्पा, एवढी चटणी फिरवून घेऊ का?" म्हणत एक वहिनी आल्या. अप्पांना नाही म्हणता येईना; इतकी माणसं त्यांच्या दारात एरवी फक्त दिवाळीत यायची. शेवटी कुणीतरी पाणी तापवायची कांडी लावली. जनरेटरनं एक मोठा उसासा टाकला आणि तो थंड पडला. पुन्हा काही बोलला नाही. हरिओम आला, त्यानं चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि "याला आता गेवराईला न्यावं लागतंय" एवढंच सांगितलं. बाळ मात्र त्या आवाजानं घाबरून रडून रडून दमलं होतं, आणि पाय पुन्हा गार.

मग गरम पाण्याच्या बाटल्या. ही कल्पना सिस्टरांचीच, आणि तशी साधी. बाटल्यांत कोमट पाणी भरायचं, त्या कापडात गुंडाळून अंथरूण आधी गरम करायचं, आणि बाळ निजवायच्या आधी बाटल्या काढून घ्यायच्या. प्लास्टिकच्या बाटल्या गरम पाण्यानं वाकड्या झाल्या. काचेच्या जाड बाटल्या हव्या होत्या. गावात काचेच्या जाड बाटल्या भरपूर मिळण्याचं एकच ठिकाण होतं, आणि ते हायवेवरच्या ढाब्याच्या मागं होतं.

अप्पांनी जन्मात कधी दारूला स्पर्श केला नव्हता. ढाब्याच्या बाजूला ते मानही वळवत नसत. पण सोमवारी सकाळी ते कपाळाला विभूती लावून, पोतं घेऊन तिथं गेले. परत येताना पोत्यात खळखळ आवाज होत होता. तो आवाज बंद व्हावा म्हणून ते इतकं हळू आणि जपून चालत होते, की लांबून बघणाऱ्याला पोतं दिसलं नसतं तरी नुसत्या चालीवरून ते प्यालेले वाटले असते. वाटेत मठाचे स्वामी भेटले, ज्यांनी पंधरवड्यापूर्वीच बाळाच्या लिंगधारणेचा विधी केला होता.

"शरणार्थ, स्वामीजी," अप्पा म्हणाले. वाकले. पोतं वाजलं.

स्वामींनी पोत्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "शरणार्थ," ते म्हणाले. "आता घरात लहान लेकरू हाय, मन्मथप्पा."

"त्याच्यासाठीच नेतोय," अप्पा म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते कसं ऐकू गेलं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं. तोवर स्वामी पुढं गेले होते.

बाटल्या उपयोगी पडल्या. अंथरूण ऊबदार झालं. पण बाळाला ऊब टिकेना. बाटल्या काढल्या की थोड्या वेळानं पाय गारच. अप्पांच्या रानात मेंढरं बसवायला उतरलेला हरिबा धनगर तोवर सगळं ऐकून होता. तो घोंगडी घेऊन आला आणि बरोबर एक सूचनाही.

"अप्पा, ही घ्या नवी घोंगडी. आन् ऐका, दहा-बारा मेंढरं खोलीत घालतो. अशी तापती खोली, लई भारी! म्या रानात असाच निजतो."

"मेंढरं?" नीलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत?"

"एखांदं कोकरू तरी घ्या," हरिबा मन मोडलेल्या आवाजात म्हणाला. त्याचं मन राखण्यासाठी घोंगडी ठेवून घेतली. ती अस्सल होती. दोन खोल्यांत वास भरला.

दुपार कलली. व्याह्यांची गाडी चौसाळ्याच्या पुढं आल्याचा फोन आला. रोहिणी सिस्टर आत आल्या, त्यांनी बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आता एकच करायचं. उघड्या छातीवर घ्यायचं. कातडीला कातडी. याच्यासारखी ऊब कशात न्हाई. शिवानी, तू घेतेसच दिसरात, पर आता किती ताप हाय तुला?"

शिवानीला सकाळपासून दूध दाटून कणकण होती. ती दोन रात्री बसून होती आणि बसल्या जागी डुलत होती. "मी घेते, सिस्टर," ती म्हणाली, पण बोलता बोलताच तिचे डोळे मिटले. नीलाबाई पुढं झाल्या. त्यांचे हात भांडी घासून बर्फ झाले होते आणि अंगानं त्या काडी. कौशल्याबाईंना खोकला होता, त्यांना सिस्टरांनी खिडकीबाहेरच उभं केलं होतं. जावई पुण्याला नोकरीवर.

सिस्टरांची नजर खोलीत फिरली आणि दारात हात मागं बांधून उभ्या असलेल्या अप्पांच्या जाकिटावर येऊन थांबली.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "सदरा काढा."

अप्पांनी पाठीमागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"म्या?"

"तुमीच. घरात सगळ्यात गरम जागा तुमचं पोट हाय."

खिडकीत कौशल्याबाई, त्यांच्या मागं गल्लीतल्या चार-दोन बायका, आणि घोंगडीचं काय झालं ते बघायला आलेला हरिबा. अप्पांनी नीलाबाईंकडं मदतीसाठी बघितलं. नीलाबाईंनी जाकिटाला हात घातला.

"मला धरता येत न्हाई ओ त्याला," अप्पा हळूच म्हणाले. "माझ्या हातनं काय झालं तर? काल झालंच असतं की."

"काल तुमी आधी सोताला बसवलं आत," नीलाबाई म्हणाल्या. "लेकराला न्हाई. काढा सदरा."

गळ्याची गुंडी निघाली. मग बाकीच्या. सदरा निघाला, बंडी निघाली, आणि मन्मथप्पांचं पोट करंजगव्हाणाच्या पुढं आलं.  "बाई गं," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यात टिंगल नव्हती, थोडा आदरच होता. अप्पांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी, बाळाला गार लागू नये म्हणून, पाठीवर टाकली. ते भिंतीला टेकून बसले. सिस्टरांनी टोपडं घातलेलं, बाकी उघडं बाळ त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला केली, नाक मोकळं आहे ते बघितलं, आणि वरून मऊ धोतर आणि त्यावर हरिबाची घोंगडी पांघरली.

अप्पा श्वास घेईनात.

"श्वास घ्या, अप्पा. तुमचा श्वास लागला पाहिजे त्याला."

अप्पांनी श्वास घेतला. पोट वर आलं, बाळ वर आलं. पोट खाली गेलं, बाळ खाली गेलं. गार पाय, हरभऱ्याएवढी बोटं असलेले, त्यांच्या पोटाला टेकले होते. मग बाळानं मूठ उघडली, छातीवरचा एक पांढरा केस धरला आणि जोरात ओढला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. केस ओढल्यामुळं आलं, असं ते नंतर सगळ्यांना सांगत; पण केस सुटला तरी पाणी थांबलं नव्हतं. एवढे दिवस दारात उभं राहून आपण काय काय गमावलं, असं त्यांना झालं. शिवानी पलीकडं बाजेवर गाढ झोपली होती.

बऱ्याच वेळानं सिस्टरांनी घोंगडीत हात घातला. पाय चाचपले. पुन्हा चाचपले. थर्मामीटर बघितला. त्यांच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "गरम," त्या म्हणाल्या. "चांगले गरम."

आणि दारात गाडी थांबली.

अप्पांचा पहिला विचार सदऱ्याचा होता. सदरा खुंटीवर होता, खुंटी पलीकडच्या भिंतीला होती, आणि पोटावर नातू होता. विहीणबाई आत आल्या. जरीकाठी साडी, अंगावर शाल. मागं व्याही संगमेश्वरप्पा, इस्त्रीचा सफारी घातलेले. लग्नात जेवतानाही त्यांनी सफारीचं बटण सोडलं नव्हतं, आणि त्याबद्दल अप्पांना मनातून त्यांचा आदर होता. दोघं उंबऱ्यात थांबले. समोर त्यांचे व्याही घोंगडीत, खांदे उघडे, शेजारी ढाब्यावरच्या बाटल्यांची रांग, आणि हवेत मेंढरांचा वास.

"शरणार्थ," अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "उठता येत न्हाई. माफी करा."

 विहीणबाईंनी बाटल्या बघितल्या. वरची उघडी झडप आणि तिथला खिळा बघितला. खिडकीतून कौशल्याबाई घाईघाईनं म्हणाल्या, "बाटल्या लेकरासाठी हायती बरं का, विहीणबाई," पण त्यामुळं काही सुधारलं नाही. मग विहीणबाई खाली बसल्या, हातावर हात चोळून गरम केले आणि घोंगडीच्या आत घातले. त्यांनी नातवाचे तळपाय धरले. धरूनच ठेवले.

अप्पांना वाटलं, आता त्या म्हणतील, गाडीत घाला. सगळी खोली तेवढ्यासाठी थांबली.

"गाडीत असं कोण धरून बसणार?" विहीणबाई त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "इन्व्हर्टरला काय पोट असतंय?" आणि मग, मान न वळवता, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज आपून हितंच ऱ्हायचं. तुमी बसा खाली. सदरा काढा. हे दमले की तुमची पाळी."

संगमेश्वरप्पांनी मागं वळून बघितलं. त्यांच्याही मागं कुणी नव्हतं. गळ्याशी हात नेऊन त्यांनी सफारीचं पहिलं बटण चाचपलं, आणि अप्पांना कळलं की हा माणूसही अपमान झाला की बटणच चाचपतो. खिडकीतली गर्दी जरा पुढं सरकली. पहिलं बटण निघालं. दुसरं निघालं.

अप्पांनी घोंगडी आपल्या हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"व्याहीबुवा, घाई करू नका," ते म्हणाले. "आमी अजून दमलो न्हाई."